सेप्टिक टाकी, घरगुती

शौचालयातील मैलापाणी जमिनीखालील बंद व जलाभेद्य टाकीत सुमारे एक दिवस स्थिर ठेवून त्यातील घन पदार्थ तळाशी बसू देणे, हवेच्या अभावी जगणाऱ्या सूक्ष्मजंतूंकडून त्यांचे अंशतः अपघटन घडवून आणणे आणि वर राहिलेले पाणी जमिनीत मुरण्यासाठी पुढे सोडणे, या कामी वापरल्या जाणाऱ्या टाकीस सेप्टिक टाकी म्हणतात. शास्त्रीय लेखनात तिला ‘पूतिकुंड’ अशीही संज्ञा आहे. भुयारी गटारे नसलेल्या वस्तीत पाण्याच्या शौचालयासाठी ही योजना सोयीची ठरते व महाराष्ट्रातील बहुतेक लहान नगरांत आणि अनेक खेड्यांत ती रूढ आहे. टाकी, तिच्यातून बाहेर पडणारे पाणी मुरविणारी जमीन आणि साचलेला गाळ ठराविक मुदतीने काढून नेण्याची सोय ही या योजनेची तीन अंगे आहेत. पहिले अंग बांधकामाबरोबर पुरे होते. देखभालीचा प्रश्न उरलेल्या दोन अंगांचा आहे. गोंदिया जिल्ह्यासारख्या भरपूर पावसाच्या आणि भातशेतीच्या प्रदेशात तो अधिक बिकट होतो, म्हणून या नोंदीत त्या प्रदेशाचा विचार विशेषेकरून केला आहे.

इतिहास : फ्रान्समधील व्हझूल येथील झां लुई मूरास यांनी मैला साठविण्यासाठी एक बंद टाकी बांधली होती. ती उघडल्यावर अपेक्षेपेक्षा फारच थोडा घन भाग तिच्यात आढळला, असे सांगतात. १८८१ मध्ये या टाकीचे एकस्व (पेटंट) घेण्यात आले. इंग्लंडमधील एक्झिटर येथे डोनल्ड कॅमेरन यांनी १८९५ च्या सुमारास अशीच टाकी बांधून तिला ‘सेप्टिक’ (कुजविणारी) हे नाव दिले. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ मध्ये अशा टाक्यांतून निघणारा ज्वलनशील वायू गोळा करून त्यावर एंजिन चालविण्यात आले. जैव वायूच्या वापराचे हे जगातील आरंभीच्या उदाहरणांपैकी एक मानले जाते. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी केलेले स्वस्त शौचालयाचे प्रयोग आणि देहू येथे डॉ. मापुसकर यांनी विकसित केलेले मानवी मैल्यावरील ‘मलप्रभा’ जैव वायू संयंत्र यांमुळे महाराष्ट्रात या विषयाला स्वतंत्र वळण लागले. टाकीच्या बांधणीची भारतीय मानके १९६३ पासून प्रसिद्ध होत असून आय. एस. २४७० हे त्यांतील मुख्य मानक १९८५ मध्ये सुधारून दोन भागांत काढण्यात आले.

रचना व कार्य : टाकीत आलेल्या मैलापाण्याचे तीन थर होतात. जड भाग तळाशी गाळ म्हणून बसतो, तेल, चरबी व हलके पदार्थ वर तरंगून साय धरतात आणि मधल्या थरात त्या मानाने नितळ पाणी राहते. प्रवेश व निर्गम या दोन्ही ठिकाणी बसविलेल्या टी-आकाराच्या नळांमुळे आत येणारा प्रवाह गाळ ढवळीत नाही आणि बाहेर फक्त मधल्या थरातील पाणी जाते. हा निर्गम नळ तुटला किंवा गवंड्याने तो बसविलाच नाही, तर साय सरळ शोषखड्ड्यात जाऊन त्याची छिद्रे बुजवते. बाहेरून सर्व काही ठीक दिसत असल्यामुळे हा दोष बरीच वर्षे लक्षात येत नाही.

टाकीची रुंदी किमान ७५ सेंमी., पाण्याची खोली किमान १ मी. व धारणक्षमता किमान १,००० लि. असावी, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट ठेवतात. पाच माणसांच्या कुटुंबासाठी १.५ मी. लांब, ७५ सेंमी. रुंद व १ मी. पाण्याच्या खोलीची टाकी दोन वर्षांच्या सफाईच्या हिशेबाने पुरेशी मानली आहे. पाण्याच्या पातळीवर सु. ३० सेंमी. मोकळी जागा सोडतात. वायू निघून जाण्यासाठी किमान ५ सेंमी. व्यासाचा नळ लावून त्याचे तोंड जाळीने झाकतात. घर १५ मी.च्या आत असल्यास हा नळ छपराच्या वर २ मी. न्यावा लागतो.

टाकीच्या कार्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. मैला टाकीत ‘खाल्ला जातो’, सबब टाकी चांगली असेल तर ती कधीच उपसावी लागत नाही, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती अशी की, सूक्ष्मजंतू गाळाचा काही भागच द्रव व वायू यांच्या रूपात बदलतात. उरलेला गाळ दर माणशी दर वर्षी सु. ७५ लि. या प्रमाणात साचत जातो. वरील टाकीत सु. १,१०० लि. पाणी मावते आणि पाच माणसांचा दोन वर्षांचा गाळ सु. ७५० लि. होतो, म्हणजे दोन वर्षांत टाकीचा दोन-तृतीयांश भाग व्यापला जातो. त्यानंतर मैलापाणी स्थिर राहण्यास जागाच उरत नाही व ते जसेच्या तसे पुढे वाहू लागते. बाहेर पडणारे पाणीही शुद्ध नसते. त्यातील तरंगत्या घन द्रव्यापैकी बराच भाग व जैव प्रदूषणापैकी सु. ३० ते ५० टक्के भाग टाकीत कमी झालेला असतो. परंतु पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ इ. रोगांचे जंतू व विषाणू आणि कृमींची अंडी त्यात शिल्लक असतात. त्यांचा खरा निचरा मातीत होतो. म्हणून हे पाणी उघड्या नालीत सोडणे म्हणजे निम्मे काम टाकून देणे होय. ही प्रथा मात्र इतकी रुळली आहे की, नालीला जोडलेला नळ अनेक ठिकाणी बांधकामाचाच नियमित भाग समजला जातो.

शोषखड्डा व भाताचा प्रदेश : भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. वर्षाला १,२०० मिमी.हून अधिक पडणारा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. शेत बांधीच्या रूपात आखलेले असते आणि धुऱ्यांनी अडविलेले पाणी आठवडेच्या आठवडे उभे असते. याशिवाय कोहळी समाजातील जाणकारांनी बांधलेले व मालगुजारीच्या काळापासून चालत आलेले तलाव आणि असंख्य बोड्या यांतून पाणी वर्षातील बराच काळ झिरपत राहते. भातशेतीला वरदान ठरलेली ही जलव्यवस्था शोषखड्ड्याच्या मात्र मुळावर येते. शोषखड्ड्याला कोरडी, सच्छिद्र माती हवी असते आणि येथे पावसाळ्यात भूजल जमिनीच्या पृष्ठाजवळ येऊन ठेपते.

श्रावण-भाद्रपदात दिसणारी लक्षणे येथील बहुतेक गृहस्थांच्या परिचयाची आहेत. शौचालयात पाणी हळू उतरते, नळातून गुडगुड आवाज येतो, अंगणात दुर्गंधीयुक्त ओल दिसू लागते. टाकी भरली असे समजून उपसणारी गाडी बोलावली जाते. टाकी रिकामी होते आणि आठ दिवसांत पुन्हा भरते. येथे दोष गाळाचा नसून भूजलाचा असतो. आजूबाजूचे पाणी शोषखड्ड्यात व तडकलेल्या टाकीत उलट शिरत असते. गाळाने भरलेली टाकी बाराही महिने त्रास देते, साय शिरून बुजलेला खड्डा उन्हाळ्यातही तुंबतो आणि भूजलाने भरलेला खड्डा पाऊस ओसरल्यावर आपोआप सुधारतो. एवढा भेद ध्यानात घेतला, तरी उपसणीचा पुष्कळ खर्च वाचतो.

पावसाळ्याच्या ऐन भरात टाकी पूर्ण रिकामी करणे धोक्याचेही असते. आतील पाण्याचा भार नाहीसा झाला की बाहेरील भूजलाच्या दाबाने प्लॅस्टिकची हलकी टाकी वर उचलली जाते व विटांच्या टाकीचा तळ तडकतो. त्यामुळे धान कापणी आटोपल्यापासून मृगापर्यंतचा काळ उपसणीस योग्य होय. इटियाडोह व बाघ प्रकल्पांच्या कालव्यांखालील गावांत उन्हाळी धानही घेतात; तेथे हा कोरडा काळ आणखी आखूड होतो.

शोषखड्ड्याची जागा ठरविण्यापूर्वी मातीची परीक्षा करणे आवश्यक असते. नियोजित खोलीपर्यंत लहान भोक खणून माती पाण्याने संपृक्त करतात व नंतर पाण्याची पातळी २.५ सेंमी. खाली जाण्यास लागणारी मिनिटे मोजतात. हा वेळ ३० मिनिटांहून कमी आणि भूजल १.८ मी.पेक्षा खोल असेल, तर साधा शोषखड्डा किंवा पाझर चर पुरतो. माती पाझरणारी पण भूजल त्याहून वर असल्यास पाझर चर जमिनीवर मातीचा उंचवटा करून त्यात काढावा लागतो. चिकण माती आणि उथळ भूजल असा दुहेरी अडथळा असेल तेथे खडीच्या थरातून खालून वर जाणाऱ्या प्रवाहाची गाळणी बांधून तिच्यातील पाणी बागेस देतात वा नालीत सोडतात. ही परीक्षा भर उन्हाळ्यात करून उपयोग नाही. भाताच्या प्रदेशात ती पावसाळ्याच्या अखेरीस केली तरच खरे उत्तर मिळते. पण घरबांधणी उन्हाळ्यात होत असल्याने नेमके उलटे घडते. जिल्ह्यातील जमिनीही एकसारख्या नाहीत. सिहार व बरड जमिनीत पाणी त्या मानाने लवकर उतरते, तर काळ्या कन्हार मातीत ते तुंबून राहते. शेजाऱ्याचा खड्डा चालतो म्हणून आपलाही चालेल, असे यामुळे म्हणता येत नाही.

विहिरीपासूनचे अंतर हा यातील सर्वांत गंभीर भाग आहे. पिण्याच्या पाण्याच्या साधनापासून शोषखड्डा किमान १८ मी. व राहत्या घरापासून ६ मी. दूर असावा, असा दंडक आहे. लहान भूखंडांवर, जेथे हातपंप आणि शोषखड्डा एकाच परसात असतात, तेथे तो पाळला जात नाही. गोंदियाच्या पूर्व व दक्षिण भागांत आमगाव पट्टिताश्म, ग्रॅनाइट इ. कठीण खडक थोड्या खोलीवर लागतात. त्यांत पाणी वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत साठते आणि उथळ विहिरींना तेच पाणी मिळते. मातीतून सावकाश झिरपणारे पाणी गाळले जाते, पण भेगेतून धावणारे पाणी गाळले जात नाही. अशा ठिकाणी १८ मी. हे अंतरही निर्धास्त राहण्याइतके नसते. शोषखड्डा विहिरीच्या उताराच्या बाजूस असणे आणि त्याचा तळ व भूजल यांत जाड मातीचा थर असणे हेच अधिक महत्त्वाचे ठरते. जंतूंखेरीज नायट्रेटचाही प्रश्न असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला ४५ मिग्रॅ.हून अधिक नसावे; पाणी उकळून जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही.

नित्य देखभाल : नवी टाकी वापरापूर्वी निर्गम पातळीपर्यंत पाण्याने भरतात व चालू टाकीतील थोडा मुरलेला गाळ, तो न मिळाल्यास कुजलेले शेण, तिच्यात घालतात. यापुढे काहीही घालण्याची गरज नसते. बाजारात मिळणारी ‘जिवाणूंची’ पावडर गाळ नाहीसा करते, याला विश्वासार्ह आधार नाही. जिवाणू मैल्यातच विपुल असतात. गूळ, मीठ, मेलेले कोंबडे इ. घालण्याची चाल निरर्थक होय. घरगुती प्रमाणातील साबण व फिनेलने जंतू नष्ट होत नाहीत, पण आम्लाच्या बाटल्या एकदम ओतल्यास क्रिया मंदावते व सिमेंटचा गिलावा झिजतो. कापड, सॅनिटरी पॅड, प्लॅस्टिक, केस व राख टाकीत जाऊ देऊ नयेत. छपराचे व अंगणाचे पावसाचे पाणी तिच्यात कधीही सोडू नये. स्वयंपाकघरातील पाण्यासाठी टाकीचे आकारमान मुळात धरलेले नसेल, तर तेही वेगळे काढावे. भात शिजविणाऱ्या घरांत पेज व तांदळाचे धुवण यांचा भार लहान टाकीला जड जातो.

गाळाची पातळी पाहण्याची साधी रीत अशी : लांब काठीला पांढरे टॉवेलचे कापड गुंडाळून ती झाकणातून तळापर्यंत सोडावी, काही मिनिटे धरून सावकाश वर घ्यावी. कापड जेथपर्यंत काळे होते ती गाळाची उंची होय. हे काम उघड्यावर उभे राहून, टाकीवर न वाकता करावे आणि जवळ काडी वा बिडी पेटवू नये. वर्षातून एकदा ही पाहणी पुरेशी आहे. गाळ व साय मिळून दोन-तृतीयांश जागा व्यापत असल्यास टाकी उपसावी. मानकानुसार दर वर्षी सफाई इष्ट असून ती दोन वर्षांपलीकडे लांबवू नये. उपसताना तळाशी थोडा जुना गाळ विरजणासारखा राहू द्यावा. टाकी घासून धुऊ नये.

टाकीवर फरशी घालणे, पायऱ्या किंवा खोली बांधणे ही फार मोठी चूक होय. झाकण सापडत नाही म्हणून उपसणी टळते आणि टळत टळत दहा-पंधरा वर्षे जातात. पुष्कळजण हेतुतः अवाढव्य टाकी बांधतात, तीही याच समजुतीने की, मग आयुष्यात पुन्हा पाहावे लागणार नाही. इतक्या वर्षांत तळाचा गाळ घट्ट होऊन शोषण नळीने ओढला जात नाही. वरचे पाणी गाडी घेऊन जाते आणि तळाचा गाळ काढण्यासाठी माणूस आत उतरविण्याचा विचार पुढे येतो.

टाकीतील वायू व माणूस : कुजण्याच्या क्रियेत मिथेन, कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू निर्माण होतात. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असता ठिणगीने स्फोट होतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचतो; गाळ ढवळताच तो एकदम मोकळा होतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो, परंतु हवेच्या दशलक्ष भागांत १०० भागांच्या आसपास प्रमाण गेल्यावर नाकाची संवेदनाच नष्ट होते. वास येईनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली, असे समजून माणूस आत उतरतो. दशलक्षांत ५०० ते १,००० भाग प्रमाणात काही श्वासांत शुद्ध हरपते. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, त्याच्यामागून तिसरा. एकाच टाकीत दोन-तीन माणसे मरण्याचे प्रकार या क्रमाने होतात. जळती मेणबत्ती सोडून हवा पाहण्याची जुनी रीत दुहेरी घातक आहे, कारण ती हायड्रोजन सल्फाइड दाखवीत नाही आणि मिथेन पेटविते. झाकण काही तास उघडे ठेवल्यानेही टाकी सुरक्षित होत नाही.

हे काम कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न तांत्रिक नाही. मैल्याचे काम पिढ्यान्पिढ्या विशिष्ट जातींवर लादले गेले आणि शौचालये पाण्याची झाल्यावरही ती वाटणी टाकीच्या तोंडाशी तशीच राहिली. १९९३ च्या कायद्याने शुष्क शौचालये व हाताने मैला वाहून नेण्याची नोकरी यांवर बंदी आली. हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३ याने गटार व सेप्टिक टाकी यांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यासही मनाई केली. ही मनाई केवळ नगर परिषदा व ठेकेदार यांना लागू नसून प्रत्येक व्यक्तीस, म्हणजे घरमालकासही लागू आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा असून पुन्हा गुन्हा केल्यास ती पाच वर्षे व पाच लाखांपर्यंत वाढते. अशा मृत्यूंबद्दल १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने ही रक्कम ३० लाख करण्यात आली. रोजंदारीवर मिळणाऱ्या माणसाला ‘जरा उतरून बघ’ म्हणणारा गृहस्थ आपण कायदा मोडीत आहोत असे बहुधा समजत नाही, आणि उतरणाऱ्याला नकार देणे क्वचितच परवडते.

उपसलेल्या गाळाची विल्हेवाट : गाळ गाडीत भरला की घरमालकाच्या दृष्टीने प्रकरण मिटते, वस्तुतः रोगाचा साठा एका जागेहून दुसऱ्या जागी चाललेला असतो. तो नाल्यात, पडीक जागेत किंवा शेतात ओतण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. ताज्या गाळात जंताची अंडी असून ती ओल्या मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ जिवंत राहतात. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि रक्तक्षय जडवितात. रोवणी, निंदण व कापणी ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात आणि धुऱ्यावरून अनवाणी ये-जा करतात, हे लक्षात घेतले म्हणजे बांधीजवळ ओतलेल्या गाडीचा भुर्दंड कोणावर पडतो ते स्पष्ट होते. गाळात खतमूल्य आहे हे खरे. पण ते वाळवून, दीर्घकाळ मुरवून वा कंपोस्ट करून जंतुरहित झाल्यावरच वापरता येते.

केंद्र शासनाने मैला गाळ व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण २०१७ मध्ये जाहीर केले. त्यानंतर अनेक नगरांत गाळ प्रक्रिया केंद्रे उभारण्यात आली. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील वाई व नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगर परिषदांनी मागणीची वाट न पाहता प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा क्रमाने उपसण्याची पद्धत सुरू केली आणि तिचा खर्च करातून भागविला. या पद्धतीचा खरा लाभ असा की, गाळ घट्ट होण्यापूर्वीच निघतो, त्यामुळे यंत्राला तो ओढता येतो आणि टाकीत उतरण्याचा प्रसंगच येत नाही. शिवाय गाडी कोठे रिकामी होते याची नोंद राहते. खासगी गाडीस घरमालक बोलावतो तेव्हा ही नोंद बहुधा कोणाकडेच नसते.

विखुरलेल्या खेड्यांत प्रक्रिया केंद्रापर्यंत गाडीची फेरी परवडत नाही. तेथे गाळ उंच, कोरड्या व विहिरीपासून दूरच्या जागी खोल चरांत टाकून मातीने झाकणे आणि त्यावर झाडे लावणे हा मार्ग वापरतात. ज्या घरांत केवळ शौचालयाचेच पाणी असते, त्यांना सेप्टिक टाकीऐवजी दोन आलटून-पालटून वापरायच्या खड्ड्यांचे शौचालय अधिक सोयीचे पडते. एक खड्डा भरल्यावर तो बंद करून दुसरा वापरतात. पहिल्यातील मैला दीड-दोन वर्षांत निर्गंध, मातीसारखा होतो व फावड्याने काढता येतो. भूजल उथळ असेल तेथे हे खड्डेही जोते उंच करून अंशतः जमिनीच्या वर बांधावे लागतात. दोन खड्डे एकाच वेळी चालू ठेवल्यास किंवा दुसरा खड्डा खणलाच नसल्यास ही योजना निष्फळ होते. दोन्ही तोंडांमधील विभाजक कुंडीत एका बाजूस वीट लावून मार्ग बंद ठेवतात आणि खड्डा पालटताना ती वीट दुसऱ्या बाजूस बसवितात.